आयबीएस आणि रोजचे पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटदुखी, जुलाब, बद्धकोष्ठ आणि गुबारा यांविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरे प्रौढांना लागू आहेत. लहान मुलांच्या पोटदुखीचे निकष वेगळे असल्यामुळे ती बालरोगतज्ज्ञांनाच दाखवावी.

१. आयबीएस म्हणजे नेमके काय? यात आतड्याला सूज किंवा जखम असते का?

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, या विकारात आतड्याची रचना शाबूत असते, बिघडते ते त्याचे कामकाज. पोटात वारंवार दुखते आणि ते दुखणे शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या सवयीशी जोडलेले असते. काहींना प्रामुख्याने जुलाब होतात, काहींना बद्धकोष्ठ असते, तर काहींना दोन्ही आलटून पालटून होतात. दुर्बिणीतून पाहिल्यास आतड्याचे अस्तर निरोगी दिसते. म्हणूनच अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज हे आजार याहून पूर्णपणे वेगळे आहेत, कारण त्यांत आतड्याला खरोखरच दाह होतो आणि व्रण पडतात. आयबीएसचे रूपांतर कर्करोगात होत नाही आणि त्याने आयुष्यही कमी होत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांतील पाहणीत सुमारे ४ टक्के प्रौढांना हा विकार असल्याचे आढळले, तेव्हा आपण यात एकटे आहोत असे मानण्याचे कारण नाही.

२. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत आणि घरचे म्हणतात की हे मनाचे खेळ आहेत. मग दुखते कशामुळे?

दुखणे खरे असते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे असते आणि ते मेंदूशी सतत देवाणघेवाण करत असते. मज्जातंतूंमधील संदेश वाहून नेणारे सेरोटोनिन हे रसायन शरीरात सुमारे ९० टक्के आतड्यातच तयार होते, यावरून या यंत्रणेचा व्याप लक्षात यावा. आयबीएसच्या अनेक रुग्णांमध्ये हे मज्जातंतू अतिसंवेदनशील झालेले असतात. मलाशयात लहानसा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत निरोगी व्यक्तीला जेवढा ताण जेमतेम जाणवतो, तेवढ्याच ताणाने यांतील अनेकांना कळ येते. सोनोग्राफीत किंवा रक्ताच्या तपासणीत संवेदनशीलता दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात.

मानसिक ताणाने त्रास वाढतो हेही तितकेच खरे आहे. स्पर्धा परीक्षेच्या आठवड्यात पोट बिघडणारे विद्यार्थी याचे नेहमीचे उदाहरण. परंतु ताणाने वाढणारा त्रास काल्पनिक ठरत असेल, तर ताणाने वाढणारा रक्तदाबही काल्पनिक ठरवावा लागेल.

३. मला आयबीएसच आहे हे डॉक्टर कशावरून ठरवतात?

लक्षणांच्या ठरावीक साच्यावरून. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटात दुखलेले असावे. त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वेळांची संख्या बदलणे आणि मलाचे स्वरूप बदलणे या तीनपैकी किमान दोन गोष्टी त्यासोबत असाव्यात. त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी. आपल्याकडचे कित्येक रुग्ण ‘दुखते’ असे म्हणतच नाहीत. ‘पोट जड राहते’, ‘गॅस अडकतो’, ‘पोट साफ होत नाही’ अशा शब्दांत ते सांगतात, त्यामुळे डॉक्टरांनी खोलात जाऊन विचारले नाही तर निदान लांबते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवावी: शौचाची वेळ, मलाचे स्वरूप, दुखणे, त्या दिवशीचे खाणे, झोप आणि स्त्रियांनी पाळीची तारीख. पाळीच्या आसपास अनेकींचा त्रास वाढतो, म्हणून ती तारीख महत्त्वाची. मलाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात सात प्रकार आहेत. पहिला सुट्या कडक खड्यांचा, चौथा गुळगुळीत व मऊ, सातवा निव्वळ पाण्यासारखा. पहिला व दुसरा प्रकार बद्धकोष्ठाकडे, तर सहावा व सातवा जुलाबाकडे निर्देश करतात. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा शौचाला होणे हे सर्वसाधारण मर्यादेत मोडते. रोज सकाळी एकदाच आणि ठरल्या वेळी झालेच पाहिजे, हा आपल्या घरांतला आग्रह शरीरशास्त्राला मान्य नाही.

४. कोणती लक्षणे असतील तर आयबीएस समजून स्वस्थ बसू नये?

शौचातून रक्त पडणे, प्रयत्न न करता वजन घटणे, हिमोग्लोबिन कमी होणे, सतत ताप येणे, पोटात गाठ हाताला लागणे आणि जुलाबामुळे रात्री झोपेतून उठावे लागणे ही लक्षणे आयबीएसची नाहीत. पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर प्रथमच त्रास सुरू झाला असेल, अथवा आईवडील-भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग, सिलिअक डिसीज (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) किंवा आतड्याचा दाहाचा आजार असेल, तरीही सविस्तर तपासणी करून घ्यावी. शौचातील रक्त मूळव्याधीचे असू शकते, पण ते मूळव्याधीचेच आहे हा निर्णय घरी करू नये.

५. कोणत्या तपासण्या कराव्या लागतात? कोलोनोस्कोपी करावीच लागते का?

तरुण व्यक्तीला, प्रश्न ४ मधील एकही लक्षण नसताना, कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीची, सहसा गरज नसते. रक्ताची साधी तपासणी, शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी, गरजेनुसार थायरॉईड, मलाची तपासणी आणि जुलाब असल्यास सिलिअकसाठी टीटीजी ही रक्ततपासणी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मलातील कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन आतड्याला दाह असेल तर वाढते, म्हणून ते सामान्य आल्यास दाहाचा आजार असण्याची शक्यता फारच कमी होते. मात्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तेही वाढलेले दिसू शकते. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आढळतो आणि सुरुवातीला तो क्रोन्ससारखा किंवा नुसत्या पोटदुखीसारखा भासतो. त्यामुळे ताप, वजन घटणे किंवा घरात क्षयाचा रुग्ण असणे या गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नयेत.

एक सूचना महत्त्वाची आहे. टीटीजी तपासणी होईपर्यंत गहू सोडू नये. आधी गहू बंद करून नंतर तपासणी केल्यास सिलिअक असूनही रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो आणि मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन तपासणी करावी लागते.

बाजारात शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ आयजीजी तपासणी मिळते. तिच्यावर पैसे घालवू नयेत, कारण आयजीजी हे प्रतिपिंड वाढलेले असणे म्हणजे तो पदार्थ आपण खात आला आहात एवढेच.

६. शौचाबरोबर आव पडते. म्हणजे मला जुनी आव आहे का?

बहुधा नाही. आतड्याचे अस्तर नेहमीच चिकट स्राव तयार करते, आणि आयबीएसमध्ये तो मलासोबत पांढुरक्या शेंबडासारखा दिसणे सामान्य आहे. रक्तमिश्रित आव, ताप आणि जोराचा मुरडा ही खऱ्या आमांशाची लक्षणे होत. त्यावर उपचार घ्यावेच लागतात.

वर्षानुवर्षे ‘जुनी आव’ किंवा ‘अमीबिक कोलायटिस’ असे निदान घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी मेट्रोनिडॅझोल या अमीबानाशक औषधाचा कोर्स करणारे लोक महाराष्ट्रात गावोगावी भेटतील. ही सवय मोडणे आवश्यक आहे. मलात ‘सिस्ट’ (अमीबाचे कवचातले रूप) आढळल्या, तरी आजार घडवणारा अमीबा आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद हे दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. शिवाय हे औषध दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन मुंग्या व बधिरता येऊ शकते.

७. दोन वर्षांपूर्वी जोराचे जुलाब झाले आणि तेव्हापासून पोट पूर्ववत झालेच नाही. असे होऊ शकते का?

होऊ शकते. आतड्याच्या तीव्र संसर्गानंतर साधारण दहापैकी एका व्यक्तीला आयबीएस जडते. कॅनडातील वॉकर्टन या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू मिसळले आणि मोठी साथ पसरली. पुढे कित्येक वर्षे त्या गावकऱ्यांचा पाठपुरावा करण्यात आला, त्यातून संसर्ग आणि आयबीएस यांचा संबंध ठळकपणे पुढे आला. अशा रुग्णांपैकी अनेकांचा त्रास काही वर्षांत ओसरतो. जंतू केव्हाच गेलेले असल्यामुळे पुन्हा पुन्हा प्रतिजैविके घेऊन उपयोग होत नाही.

८. काय खावे आणि काय खाऊ नये? फॉडमॅप आहाराबद्दल खूप ऐकले आहे.

सुरुवात साध्या गोष्टींनी करावी: जेवणाच्या वेळा नियमित ठेवणे, घाईने व एकदम भरपूर न जेवणे, चहा-कॉफी व मद्य मर्यादित करणे, तळकट आणि जहाल तिखट कमी करणे. मिरचीतील कॅप्सेसिन वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवते, त्यामुळे ‘तिखटाची सवय आहे’ हे उत्तर संवेदनशील आतड्याला लागू पडत नाही.

एवढ्याने भागले नाही तर कमी फॉडमॅप आहाराचा विचार करावा. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीचा आधार असा की काही शर्करा (त्यांनाच एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात) लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी खेचतात आणि मोठ्या आतड्यात जंतूंकडून आंबवल्या गेल्याने वायू तयार होतो. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, चवळी, दूध, फ्लॉवर, सफरचंद, आंबा, कलिंगड, मध आणि काजू यांत या शर्करा अधिक असतात. हा आहार तीन टप्प्यांत करायचा असतो. पहिले चार ते सहा आठवडे हे पदार्थ बाजूला ठेवायचे, मग एकेक गट मोजक्या प्रमाणात परत आणून त्रास होतो का ते पाहायचे, आणि शेवटी ज्याने खरोखर त्रास होतो तेवढेच मर्यादित ठेवायचे. बहुसंख्य लोक पहिल्या टप्प्यावरच अडकतात, वर्षभर मूठभर पदार्थांवर राहतात आणि वजन व उत्साह दोन्ही गमावतात. चार-सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर हा आहार आपल्यासाठी नाही असे समजून सोडून द्यावा. शक्यतो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच तो करावा. आधीच वजन कमी असलेल्या किंवा खाण्याची धास्ती घेतलेल्या व्यक्तीने तर स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

९. कांदा, लसूण आणि पोळी बंद केल्यावर मराठी घरात रोज शिजवायचे तरी काय?

अडचण वाटते तेवढी नाही. पोळीऐवजी ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची भाकरी आणि भात चालतो. भाज्यांमध्ये भेंडी, वांगे, पालक, गाजर, काकडी, टोमॅटो व बटाटा बेताच्या प्रमाणात बहुतेकांना सोसतात. कांदा-लसूण मसाल्याऐवजी गोडा मसाला वापरता येतो. लसणातील त्रासदायक शर्करा तेलात विरघळत नाही, म्हणून फोडणीच्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या परतून बाहेर काढून टाकल्यास स्वाद उरतो आणि त्रास टळतो. आमटीत पाणी असल्यामुळे तिच्यात घातलेल्या पाकळ्या नंतर काढल्या तरी उपयोग नसतो. पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग घ्यावा.

डाळी पूर्ण बंद करण्याची गरज नाही. मुगाचे वरण थोड्या प्रमाणात चालते. कडधान्ये भिजवून, ते पाणी ओतून देऊन नव्या पाण्यात शिजवल्यास त्रासदायक शर्करा काही अंशी कमी होतात. हिंगाने चवही राखली जाते. मात्र बाजारातील बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते. आयबीएसमध्ये चिमूटभराने बिघडत नाही, परंतु सिलिअक असणाऱ्यांनी डब्यावरील घटक वाचूनच तो घ्यावा.

१०. दूध बंद करावे का? ताक चालेल का?

भारतीय प्रौढांपैकी अनेकांना दुधातील लॅक्टोज ही शर्करा नीट पचत नाही, आणि ती लक्षणे आयबीएससारखीच दिसतात. दोन आठवडे दूध, खीर, बासुंदी, आइस्क्रीम बंद ठेवून पुन्हा सुरू करावे, वहीतील नोंद उत्तर देईल. हवी असल्यास श्वासातील हायड्रोजनची तपासणीही करता येते. विरजणाने लॅक्टोज घटते, म्हणून दही-ताक अनेकांना सोसते, आणि चक्क्यातून पाणी निथळून गेल्यामुळे तो त्याहून बरा. चहातील दोन चमचे दुधाने सहसा काही होत नाही.

११. इसबगोल जुलाबात घ्यावे की बद्धकोष्ठात? किती घ्यावे?

दोन्हींत घेता येते. इसबगोलचा विद्राव्य तंतू पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कडक मल मऊ होतो आणि पातळ मल थोडा बांधला जातो. आयबीएसमध्ये उपयोगी ठरलेल्या मोजक्या स्वस्त उपायांपैकी हा एक आहे. गव्हाच्या कोंड्याने मात्र गुबारा आणि दुखणे अनेकदा वाढते, तेव्हा ‘चोथा वाढवा’ या सल्ल्याचा अर्थ ‘कोंडा खा’ असा घेऊ नये. रोज एका लहान चमच्यापासून सुरुवात करून काही आठवड्यांत प्रमाण वाढवावे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात वायू होऊन माणूस ते सोडून देतो. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि त्यावर आणखी पाणी प्यावे. कोरडे घेतल्यास ते घशात अडकू शकते. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

१२. औषधे कोणती असतात आणि ती आयुष्यभर घ्यावी लागतात का?

दुखण्यासाठी मेबेव्हरिन किंवा ड्रोटाव्हरिनसारखी मुरडा कमी करणारी औषधे आणि पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात. या कॅप्सूल चावू नयेत आणि आम्लपित्ताचा त्रास असल्यास जपून घ्याव्यात. जुलाबासाठी लोपेरामाइड, तर बद्धकोष्ठासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर वापरतात. लॅक्ट्युलोजचे सिरप सर्रास दिले जाते, पण त्याने वायू वाढतो, हे गुबारा असलेल्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहणारे प्रतिजैविक जुलाबाच्या प्रकारात काहींना ठरावीक मुदतीसाठी दिले जाते. बहुतेकांना औषधे त्रासाच्या काळापुरतीच लागतात.

१३. पोटासाठी गेलो आणि डॉक्टरांनी नैराश्याची गोळी लिहून दिली. का?

अमिट्रिप्टिलिन हे औषध अत्यल्प मात्रेत, म्हणजे रात्री १० ते ३० मिलिग्रॅम, दिले असता आतड्याकडून येणारे वेदनेचे संदेश मंदावतात. नैराश्यासाठी त्याची मात्रा याहून बरीच जास्त असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत ४६३ रुग्णांना सहा महिने हे औषध किंवा तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली, आणि औषध घेणाऱ्यांची लक्षणे अधिक सुधारली. त्याने तोंड कोरडे पडते, सुस्ती येते आणि मल घट्ट होतो, त्यामुळे ते जुलाबाच्या प्रकारात अधिक सोयीचे. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा लघवी अडकण्याचा त्रास असल्यास आधी सांगावे, आणि गोळी अचानक स्वतःहून बंद करू नये.

मानसोपचारांनाही येथे खरे स्थान आहे. मँचेस्टरमधील डॉक्टर पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्येच आतड्यावर केंद्रित संमोहनोपचाराची चाचणी प्रसिद्ध केली होती, आणि विचार व वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराचाही उपयोग दिसून आला आहे. हे उपचार करणारे प्रशिक्षित लोक आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर मिळणे कठीण, ही खरी अडचण आहे.

१४. सकाळी घर सोडण्यापूर्वी तीन-चारदा जावे लागते आणि लोकलमध्ये कळ येईल याची भीती वाटते. काय करावे?

पोटात काही गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते. ही प्रतिक्षिप्त क्रिया सकाळी सर्वांत जोरकस असते आणि आयबीएसमध्ये ती अधिक तीव्र होते. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसल्यामुळे भीती निराधार म्हणता येत नाही, परंतु भीतीनेच कळ वाढते हेही खरे. तासभर लवकर उठून चहा-न्याहारी उरकावी, म्हणजे दोनतीन फेऱ्या घरीच होतात. न्याहारी न करता निघणे हा उपाय नव्हे. जुलाबाचा प्रकार असल्यास महत्त्वाच्या प्रवासापूर्वी लोपेरामाइड घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. ताप किंवा रक्त असताना ते घेऊ नये.

१५. प्रोबायोटिक किंवा आयुर्वेदिक चूर्ण घेतले तर चालेल का?

प्रोबायोटिकने, म्हणजे उपयुक्त जंतू असलेल्या औषधाने, काहींना बरे वाटते, पण कोणाला कोणते लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. बारा आठवडे घेऊन फरक नसल्यास थांबवावे. पोट साफ होण्याच्या चूर्णांपैकी अनेकांत सोनामुखी असते. तिने आतडे जोराने आकुंचन पावते, त्यामुळे मुरड्याचा त्रास असलेल्यांचे दुखणे वाढू शकते. घटक न छापलेले चूर्ण कोणीही दिले तरी घेऊ नये.

१६. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास करावा का?

दिवसभर काही न खाता संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे आणि रताळ्याचा कीस एकदम खाणे हे आतड्याला सर्वांत जड जाते. वरीचे तांदूळ, काकडी, थोडे पिकलेले केळे असे थोडे थोडे खाल्ल्यास अनेकांना उपवास सोसतो. शेंगदाण्याचा कूट हात राखून घालावा, आणि खूप पिकलेली केळी टाळावीत.

१७. मल मऊ असूनही फार कुंथावे लागते आणि पोट रिकामे झाल्यासारखे वाटत नाही. हे आयबीएसच का?

कदाचित नाही. शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जात असतील, तर कितीही रेचके घेतली तरी असेच होते. बोटाने मल काढावा लागत असेल तर ही शक्यता अधिक असते. संकोच न करता ते डॉक्टरांना सांगावे. निदान मलाशयाच्या दाबाच्या तपासणीने होते, आणि बायोफीडबॅक या प्रशिक्षणाने स्नायूंना योग्य सवय लावता येते. कमोडवर बसणाऱ्यांनी पायांखाली पाट घेतल्यास उकिडवे बसल्याचा लाभ मिळतो.

१८. पित्ताशय काढल्यापासून जुलाब होतात; शिवाय मधुमेहाची गोळीही चालू आहे. यालाही आयबीएस म्हणायचे का?

आधी ही दोन कारणे दूर करावीत. पित्ताशय काढल्यानंतर काही जणांत पित्तक्षार अधिक प्रमाणात मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. ते कोलेस्टिरामिनसारख्या औषधाने आटोक्यात येतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही जुलाब होतात, आणि सावकाश विरघळणारी गोळी दिल्यास ते बऱ्याचदा कमी होतात. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

१९. माझ्या आईला ५५व्या वर्षी प्रथमच पोट फुगणे आणि बद्धकोष्ठ सुरू झाले. डॉक्टरांनी आयबीएस सांगितले. ते मान्य करावे का?

लगेच नाही. आयबीएस या वयात प्रथमच सुरू होणे विरळा असते. सततचे पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे ही अंडाशयाच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार पन्नाशीवरील स्त्रीला आयबीएससारखी लक्षणे नव्याने सुरू झाल्यास सीए-१२५ ही रक्ततपासणी केली जाते. आईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेऊन ही तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, तसेच या वयाला कोलोनोस्कोपीविषयीही विचारावे.